पाळकाचा स्वभाव आणि मंडळीची सेवा

ख्रिस्ती मंडळीचा पाळक कसा असावा याविषयी शास्त्रात, प्रवचनांत आणि दीक्षाविधीच्या प्रसंगी होणाऱ्या उपदेशांत इतके सांगितले गेले आहे, की तो प्रत्यक्षात कसा असतो, म्हणजे वेदीपाशी उभा राहणारा हा मनुष्य कोणती प्रकृती घेऊन जन्मास आला आहे, कोणत्या कामाने तो फुलतो आणि कोणत्या कामाने कोमेजतो, हे विचारण्याची गरजच पुष्कळांना वाटेनाशी झाली. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी असावयाच्या गुणांची जी गणना केली आहे, ती संयम, आतिथ्य, शिकविण्याचे कौशल्य, निर्लोभता, घराची नीट व्यवस्था अशा शीलाच्या गुणांची गणना आहे. शील साधनेने कमावता येते. प्रकृती साधनेच्या आधीच येऊन बसलेली असते. दोन पाळक सारखेच निर्लोभी आणि सारखेच प्रार्थनाशील असूनही एकाला दहा घरी भेटी दिल्यावर उत्साह चढतो आणि दुसऱ्याला तीन घरी बोलून आल्यावर एकांताची ओढ लागते. एकाला मंडळीचे दफ्तर लावून ठेवण्यात समाधान वाटते आणि दुसऱ्याला ते दफ्तर उघडताच ग्लानी येते. या भेदाचा सेवाकार्यावर काय परिणाम होतो, त्याविषयी जाणत्यांनी काय शोधून काढले आहे, आणि धुळे व जळगाव या दोन जिल्ह्यांतील मंडळ्यांना त्यातून काय घेता येईल, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

आरंभीच माझे मत सांगतो. पाळकपदाला योग्य असा एकच स्वभाव नाही. पाळकाचे जे दोष मंडळीला जाचतात ते बहुधा त्याच्या गुणांच्याच पोटी आलेले असतात. म्हणून हा प्रश्न निवडीपेक्षा नेमणुकीचा आहे, आणि नेमणुकीपेक्षाही अधिक तो सोबतीचा आहे.

जुना विचार

स्वभावभेदाची जाणीव ख्रिस्ती परंपरेला नवी नाही. निर्गमाच्या पुस्तकातील मोशे बोलण्यात मंद आहे, आणि देव त्याला वक्तृत्व देण्याऐवजी बोलका भाऊ अहरोन सोबतीला देतो. पुढे लोकांचे तंटे ऐकता ऐकता तोच मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहू लागतो, तेव्हा सासरा इथ्रो त्याला बजावतो की अशाने तू आणि लोक दोघेही झिजून जाल, यासाठी काम वाटून दे. कर्मेल डोंगरावरील विजयानंतर एलीया रानात जाऊन मरण मागतो, आणि त्याला मिळणारे पहिले उत्तर उपदेशाचे नसून झोपेचे आणि भाकरीचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा यांचा मार्काविषयी इतका तीव्र मतभेद होतो की दोघे वेगवेगळ्या वाटांनी निघून जातात. कामाच्या शिस्तीला जपणारा पौल आणि माणसाला आणखी एक संधी देऊ पाहणारा बर्णबा या दोन प्रकृती होत्या, आणि पुढे आयुष्याच्या अखेरीस पौलच मार्काला आपल्याकडे बोलावून घेतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. बर्णबाची मृदुता नसती तर मार्क टिकला नसता, आणि पौलाची कठोरता नसती तर सुवार्ता इतक्या दूर गेली नसती. पवित्र शास्त्राने दोघांपैकी एकालाही दोषी ठरविलेले नाही.

ग्रीक वैद्यकाने चार रसांवरून चार प्रकृती कल्पिल्या आणि गेलनने त्यांना व्यवस्थित रूप दिले. आपल्याकडील वात, पित्त, कफ या विचाराशी परिचित असलेल्या वाचकाला त्या पद्धतीचे नवल वाटणार नाही. पाळकीय कामात या दृष्टीचा सर्वांत पद्धतशीर उपयोग पोप ग्रेगरी पहिला याने इ. स. ५९० च्या सुमारास लिहिलेल्या पाळकीय नियमांच्या ग्रंथात केला. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात श्रोत्यांच्या सुमारे छत्तीस जोड्या आहेत: धीट आणि भित्रे, उतावळे आणि मंद, आनंदी आणि खिन्न, बोलके आणि अबोल, आणि एकाला जो उपदेश औषधासारखा लागू पडतो तोच दुसऱ्याला अपाय करतो, हे त्यात परोपरीने दाखविले आहे. ग्रेगरीने श्रोत्यांच्या प्रकृतीचा विचार इतक्या बारकाईने केला. उपदेशकाच्या प्रकृतीचा तितकाच बारीक विचार होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

आधुनिक मापन

कार्ल युंग हा स्वतः स्वित्झर्लंडमधील एका पाळकाचा मुलगा. वडिलांची आतून वाळत गेलेली श्रद्धा आणि बाहेरून चालू राहिलेली पाळकी यांचा त्याच्या मनावर झालेला ठसा त्याने उत्तरवयात नमूद करून ठेवला आहे. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या मनःप्रकारांवरील ग्रंथात त्याने अंतर्मुख आणि बहिर्मुख हा भेद मांडला. शिवाय इंद्रियांनी दिसणाऱ्या तपशिलावर विसंबणारे आणि त्यापलीकडील शक्यता हेरणारे, तसेच विचाराने निवाडा करणारे आणि भावनेने निवाडा करणारे असेही भेद केले. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची कन्या इझाबेल मायर्स यांनी त्याला चौथी जोडी जोडली, ती नियोजनाने चालणारे आणि प्रसंग पाहून वागणारे यांची. आणि त्यातून सोळा स्वभावप्रकारांची प्रश्नावली तयार केली. रॉय ऑस्वल्ड आणि ऑटो क्रोगर यांनी १९८८ साली या पद्धतीवरून धार्मिक नेतृत्वाचे जे विवेचन केले, त्यामुळे अमेरिकेतील अनेक पाळकांना आपल्या कामातील ओढाताणीला प्रथमच नाव मिळाले.

या विषयावर सर्वाधिक चिकाटीने संशोधन केले ते लेस्ली फ्रान्सिस या इंग्लंडमधील धर्मगुरू व मानसशास्त्रज्ञाने. २००७ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चर्च ऑफ इंग्लंडमधील ६२६ पुरुष आणि २३७ स्त्री धर्मगुरूंच्या स्वभावांची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण जनतेत तपशिलावर विसंबणाऱ्या प्रकृतीचे लोक अधिक असतात, तर धर्मगुरूंत शक्यता हेरणाऱ्या प्रकृतीचे लोक अधिक आढळले. पुरुष धर्मगुरूंत अंतर्मुखांचे आणि भावनेने निवाडा करणाऱ्यांचे प्रमाणही सामान्य पुरुषांपेक्षा जास्त निघाले. पुढील पाहण्यांत असेही दिसले की उपासनेला येणाऱ्या मंडळींत परिचित, ठोस आणि परंपरागत गोष्टींत समाधान मानणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. म्हणजे वेदीपाशी उभा असलेला मनुष्य उद्याचे चित्र पाहत असतो आणि बाकांवर बसलेली माणसे कालच्या ठेव्याला जपत असतात. नवा पाळक आल्यावर उपासनेचा क्रम, गीतांच्या चाली किंवा नाताळचा कार्यक्रम बदलू पाहतो आणि वडीलधारी मंडळी दुखावतात, हा सर्वत्रचा अनुभव. त्याच्या मुळाशी नेहमी हट्ट असतो असे नाही, दोन प्रकारच्या दृष्टी असतात.

या मापनांच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. माणसे दोन टोकांवर विभागलेली नसतात, बहुतेक जण मध्यावरच असतात, आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिली तर पुष्कळांचा प्रकार पालटतो. म्हणून आजचे मानसशास्त्रज्ञ कप्प्यांऐवजी पाच गुणांच्या चढत्या-उतरत्या प्रमाणाचा विचार अधिक ग्राह्य मानतात. शिवाय ही मापने पाश्चात्य समाजात घडली आहेत. ज्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात आणि ज्या गावात दाराला कडी लावणे हेच तुसडेपणाचे लक्षण समजले जाते, तेथे अंतर्मुखतेचा अर्थ लंडनमधल्यासारखा राहत नाही. या प्रश्नावल्यांवरून कोणाला दीक्षा द्यावी आणि कोणाला नाकारावी हे ठरविणे गैर होईल. त्यांचा खरा उपयोग पाळकाला स्वतःकडे आणि मंडळीला पाळकाकडे समजुतीने पाहता यावे, एवढाच आहे. आणि तो उपयोग लहान नव्हे.

पाळकाचे थकणे

स्वभावाचा विचार करताना पाळकाच्या मनःस्वास्थ्याचा विचार टाळता येत नाही. अँटन बॉइझेन (१८७६–१९६५) हा अमेरिकन पाळक १९२० साली स्वतः तीव्र मनोविकाराने रुग्णालयात दाखल झाला. त्यातून बाहेर आल्यावर तो वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मगुरू म्हणून काम करू लागला, आणि १९२५ साली त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथे आणून रुग्णांच्या सहवासात शिकविण्याची प्रथा सुरू केली. ग्रंथाइतकाच जिवंत मनुष्य हाही अभ्यासाचा विषय आहे, हा त्याचा आग्रह आज जगभरच्या पाळकीय शिक्षणात रुजला आहे. कॅथलिक पंथात यूजीन केनेडी आणि व्हिक्टर हेकलर यांनी अमेरिकन बिशपांच्या सांगण्यावरून केलेली पाहणी १९७२ साली बाहेर आली. बहुसंख्य धर्मगुरू आजारी नाहीत, परंतु त्यांच्या भावजीवनाची वाढ मध्येच थांबलेली आहे, असे तिचे निदान होते. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरूंच्या घडणीविषयी जे पत्रक काढले, त्यात आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय घडणीच्या बरोबरीने मानवी घडणीला स्थान दिले, आणि बाकीच्या घडणीचा पाया तोच मानला.

फ्रान्सिसने पाळकाच्या थकव्याचे जे मापन तयार केले, त्यात भावनिक दमणूक आणि सेवेतील समाधान अशा दोन स्वतंत्र बाजू धरल्या आहेत. अंतर्मुख आणि चिंताळू प्रकृतीच्या पाळकांत दमणूक अधिक आढळते. परंतु समाधान मोठे असेल तर तीच दमणूक माणसाला मोडून टाकत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणून काम कमी करणे हा एकच उपाय नव्हे. ज्या कामात त्या पाळकाचा जीव रमतो, त्याला काही जागा राखून ठेवणे हाही उपाय आहे.

तीन मराठी प्रकृती

परदेशी प्रश्नावल्यांपेक्षा आपल्या भाषेतील चरित्रे या विषयावर अधिक प्रकाश टाकतात. तीन नावे घेतो.

नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) काशीत वाढले, १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, षड्दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला, आणि पुढे अँग्लिकन दीक्षा घेऊन काउली फादर्स या व्रतस्थ संघाच्या सहवासात राहिले. तर्क तीक्ष्ण, आहार-विहार कठोर, आणि स्वतःच्या श्रद्धेची अखंड तपासणी करणारे मन: अशी ही प्रकृती. असा मनुष्य मोठी मंडळी जमवीत नाही. परंतु ज्याची बुद्धी शंकांनी पोळली आहे अशा एखाद्याला तोच एकटा उपयोगी पडतो. पंडिता रमाबाईंच्या १८८३ सालच्या बाप्तिस्म्यापूर्वी त्यांच्या विचारांवर गोऱ्यांच्या लेखनाचा परिणाम झाला, ही एक गोष्ट त्यांच्या सेवेचे मोल दाखवावयास पुरेशी आहे.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे बेळगावचे. १८५४ साली ख्रिस्ती झाले, १८५७ साली यमुनापर्यटन प्रसिद्ध केले, काही काळ पुण्यास पाळकपद सांभाळले आणि नंतर ते सोडून ग्रंथलेखनास वाहून घेतले. शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके त्यांच्या हातून झाली. नियमित, परिश्रमी, टिपणे काढणारी, एकांतात फुलणारी ही प्रकृती होती. एक पाळक मंडळीने गमावला असे त्या वेळी कोणाला वाटलेही असेल. परंतु त्यांचे खरे पाळकत्व त्यांच्या लेखणीत होते, आणि मराठी ख्रिस्ती घरांत दोन पिढ्या ते वाचले गेले. माणसाची जागा बदलल्याने त्याची सेवा संपत नाही, उलट कधी कधी तेव्हाच ती सुरू होते.

तिसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), आणि येथे खानदेशचा प्रत्यक्ष संबंध येतो. टिळकांची प्रकृती भावनाशील, अस्थिर, उदार, क्षणात पेटणारी आणि क्षणात सर्व देऊन टाकणारी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. दुष्काळात अनाथ मुले घरात आली, घरचे दाणे बाहेर गेले, आणि या औदार्याचा हिशेब जिला रोज चुलीपाशी द्यावा लागला तिने तो स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात प्रेमाने आणि निर्भयपणे लिहून ठेवला. पाळकाच्या स्वभावाचे इतके सत्य आणि इतके समंजस चित्र पाळकाच्या पत्नीने काढल्याची दुसरी उदाहरणे थोडी.

खानदेशचा तो संबंध असा. १९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते, आणि धरणगावास १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला तेथे बालकवी ही पदवी मिळाली. हा हळवा, एकलकोंडा मुलगा पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. त्याचा धर्म तोच राहिला, आणि तरीही एका ख्रिस्ती पाळकाच्या घरी त्याला मुलासारखी माया मिळाली. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा टिळकांना आपलेच मूल गेल्यासारखे वाटले असेल. नियमांच्या चौकटीत राहणाऱ्या पाळकाला असे घर उघडे ठेवणे जमले नसते. परंतु हीच प्रकृती संस्थेच्या शिस्तीत फार काळ राहू शकत नव्हती. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि जातिपंथांपलीकडील ख्रिस्तभक्तांसाठी देवाचा दरबार उभारला. त्यांच्या मागे तो फार काळ तग धरू शकला नाही. त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे काव्य मात्र पुढे गेले, कारण ते पुढे नेण्यास लक्ष्मीबाईंसारखी स्थिर आणि चिवट प्रकृती होती. आरंभ करणाऱ्याला शेवटास नेणारा लाभला तर काम टिकते, न लाभला तर त्याच्याबरोबर जाते: या सबंध विषयाचे मर्म मला या एका दांपत्याच्या जीवनात दिसते.

खानदेशची परिस्थिती

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले; १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या मुलखात ख्रिस्ती सेवा अनेक वाटांनी आली. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिक-मालेगावाकडून आले. फ्रेडरिक फ्रान्सन याने १८९० साली स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम खानदेशात भिल्ल, मावची आदी समाजांत काम केले आणि चिंचपाड्याचे रुग्णालय उभारले. भुसावळला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे ठाणे होते, आणि रेल्वेमुळे तेथे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे वसली. १९२९ साली नाशिकला अँग्लिकन बिशपाची गादी झाली, १९७० साली नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले, आणि कॅथलिकांसाठी १९८७ साली नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला, त्यात धुळे व जळगाव आले. बिशप थॉमस भालेराव त्याचे पहिले धर्माधिकारी. पाळकांच्या शिक्षणासाठी १९५३ साली यवतमाळला निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास गेली.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न झाली: मंडळ्या लहान, विखुरलेल्या आणि एकमेकींहून फार भिन्न. धुळे किंवा जळगाव शहरातील जुन्या मंडळीत बाप्तिस्म्याची नोंदवही आहे, पंचांची बैठक आहे, कबरस्थानाची जमीन आहे, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे जावयाचा जमाखर्च आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत उपासनेची वेळ पाळीच्या कामाशी जमवून घ्यावी लागते आणि कुटुंबे बदलीवर येतात-जातात. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांत सातपुड्याच्या किंवा डोंगरकपारीच्या बाजूस गेले तर मंडळी एखाद्याच्या अंगणात जमते, बोली भिल्ली किंवा पावरी असते, सखल गावांत अहिराणी असते, प्रार्थना आजाऱ्यापासून सुरू होते, आणि दिवाळीनंतर अनेक घरे ऊसतोडीसाठी गुजरातेकडे निघून गेल्यावर पाळकाची मंडळीच काही महिने दुसऱ्या प्रांतात असते. एकाच जिल्ह्यात एकच मनुष्य या तिन्ही ठिकाणी सारखाच यशस्वी होईल, अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे.

बहिर्मुख पाळक वाडीवस्तीवर लवकर आपला होतो. तो ओट्यावर बसतो, भाकरी खातो, रात्री उशिरापर्यंत गाणी म्हणतो, आणि लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. परंतु प्रवचनाची तयारी मागे पडते, पावत्या फाडावयाच्या राहतात, आणि वर्षअखेरीस हिशेबाच्या गोंधळात त्याच्या निर्मळ हेतूंवर शंका घेतली जाते. अंतर्मुख पाळक सिव्हिल हॉस्पिटलातील एका खाटेपाशी तासभर मुकाट बसून जे सांत्वन देतो ते दहा भाषणांनी मिळत नाही. परंतु लग्नाच्या पंगतीत तो कोपऱ्यात उभा राहिला की मंडळी त्याला गर्विष्ठ ठरविते. नवे पाहणारा पाळक वसतिगृह, रात्रशाळा, तरुणसंघ अशा योजना आणतो. बिशपव्यवस्थेच्या मंडळ्यांत काही वर्षांनी त्याची बदली होते आणि अर्धवट भिंती मागे राहतात. तपशील जपणाऱ्याला प्रत्येक घराची तीन पिढ्यांची माहिती असते, कबरस्थानाचे कुंपण शाबूत असते, गरिबाच्या लेकराच्या दाखल्यासाठी लागणारी नोंद तो क्षणात काढून देतो. तरुणांना मात्र त्याच्या उपासनेत आपल्यासाठी काही आहे असे वाटत नाही.

मंडळीतील तंट्यांच्या वेळी तर स्वभावाचा कस लागतो. भावनेने निवाडा करणारा पाळक दोन्ही पक्षांचे अश्रू पुसतो, कोणालाही नाही म्हणू शकत नाही, आणि अखेर दोघांच्याही रोषाला पात्र होतो. विचाराने निवाडा करणारा पाळक जमिनीच्या किंवा पंचनिवडणुकीच्या वादात न्यायाने निर्णय देतो, तो निर्णय टिकतोही. परंतु त्याच तोंडाने तो शोकाकुल घरात बोलू लागला की शब्द थंड वाटतात. नियोजनप्रिय पाळकाची उपासना घड्याळाप्रमाणे चालते, ती भुसावळला शोभते. तेच घड्याळ शेतावरून लोक परतल्यावर सुरू होणाऱ्या वस्तीवरील प्रार्थनेला लावले तर दोन्ही बाजूंना मनस्ताप होतो. याउलट प्रसंग पाहून चालणारा पाळक वस्तीवर देवदूतासारखा वाटतो आणि पंचांच्या बैठकीत बेजबाबदार.

पंथभेदानेही या प्रश्नाला निराळे वळण मिळते. कॅथलिक फादर अविवाहित असतो. त्याच्या मागे संघाचे किंवा धर्मप्रांताचे घर असते, परंतु दूरच्या धर्मग्रामात एकटेपण त्यालाही गाठते, आणि बोलक्या प्रकृतीला ते अधिक जड जाते. प्रोटेस्टंट पाळकाच्या स्वभावाचा पहिला भार पाळकीणबाईंवर पडतो. त्या स्त्रियांच्या सभा घेतात, दारी आलेल्याला चहा देतात, पाळकसाहेबांच्या रागलोभाची सारवासारव करतात. त्यांना वेतन नाही, अधिकार नाही, आणि पाळक कमी पडला तर बोल मात्र त्यांनाही लागतो. स्वतंत्र मंडळ्यांत पास्टर हाच संस्थापक असतो, आणि सबंध मंडळी त्याच्या स्वभावाच्या वळणावर घडते. तेथे त्याला थांबविणारा बिशप नसतो आणि सांभाळणारा वडीलही नसतो.

काय करता येईल

हे सर्व ध्यानात घेतले तर काही गोष्टी अशक्य नाहीत. पहिली, शिक्षणकाळातच प्रत्येक उमेदवाराला एखाद्या अनुभवी पाळकाबरोबर रुग्णालयात, वस्तीवर आणि पंचांच्या बैठकीत काही महिने काढू द्यावेत, आणि कोठे तो सहज वागला आणि कोठे अडखळला याची मोकळी चर्चा व्हावी. दुसरी, नेमणूक करताना रिकामी जागा आणि सेवाज्येष्ठता एवढेच न पाहता त्या मंडळीची प्रकृती आणि त्या मनुष्याची प्रकृती यांचा मेळ पाहावा; आणि ज्याने काम सुरू केले आहे त्याला ते उभे राहीपर्यंत मुदत द्यावी. तिसरी, एका पाळकाच्या गळ्यात चार-पाच गावे बांधण्याऐवजी दोन भिन्न स्वभावांच्या पाळकांकडे मिळून तो टापू सोपवावा. जुन्या मिशनांनी पाळकाबरोबर उपदेशक आणि बायबल बाई नेमण्याचा जो रिवाज पाडला होता, त्यात हे शहाणपण होते. पैशाच्या अडचणीने तो रिवाज मोडला, पण त्यामागील गरज मोडलेली नाही. चौथी, दफ्तर आणि हिशेब ही कामे शक्य तेथे मंडळीतील जाणत्या माणसांच्या हवाली करावीत. निवृत्त शिक्षक, रेल्वेतील कारकून, परिचारिका अशी माणसे खानदेशातील मंडळ्यांत आहेत, आणि त्यांच्या अंगची शिस्त ही देखील आत्म्याची देणगीच आहे.

पाचवी गोष्ट पाळकांनी आपसांत करावयाची आहे. धुळे किंवा जळगावसारख्या ठिकाणी निरनिराळ्या पंथांच्या पाळकांनी आणि फादरांनी नियमितपणे एकत्र बसावे, अहवालासाठी किंवा संयुक्त नाताळाच्या कार्यक्रमासाठी नव्हे, तर एकमेकांची विचारपूस करण्यासाठी. ज्याच्याजवळ सारे गाव आपले दुःख आणून ठेवते त्याला स्वतःचे दुःख ठेवण्यास जागा नसणे, ही आपल्या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे. आणि खिन्नता किंवा निद्रानाश यांनी ग्रासलेला पाळक वैद्याकडे गेला तर त्याच्या विश्वासात न्यून काढू नये, इतकी समज प्रत्येक मंडळीत आली पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो: ईश्वराचे बोलावणे आणि पवित्र आत्म्याचे सामर्थ्य असताना स्वभावाची ही चिकित्सा कशाला? मला हा आक्षेप आदराने नाकारावासा वाटतो. कृपा माणसाची प्रकृती पुसून टाकीत नाही, तिच्यातूनच काम करते. पेत्राचा उतावळेपणा पुनरुत्थानानंतरही गेला नाही, आणि पौलाची धारही बोथट झाली नाही. दुसरा धोका मात्र खरा आहे. माझा स्वभावच असा, असे म्हणून कोणी आपला क्रोध, आळस किंवा अधिकाराचा गैरवापर झाकू लागला, तर तेथे हा सर्व विचार निरर्थक होतो. लोकांना दुखविणे, पैशात लबाडी करणे, दुबळ्यांना धाकात ठेवणे हे स्वभावाचे प्रश्न नव्हेत, शीलाचे आहेत, आणि त्यांची चौकशी शीलाच्याच कसोटीवर झाली पाहिजे.

पौलाने करिंथकरांना मंडळी हे एक शरीर आणि तिचे सभासद हे त्याचे निरनिराळे अवयव असे समजावून सांगितले, तेव्हा त्याने पाळकाला त्या शरीराबाहेर ठेवले नव्हते. आपण मात्र व्यवहारात पाळकाला सबंध शरीराची कामे एकट्याने करावयास लावतो, आणि तो थकला किंवा चुकला की बदलीचा अर्ज लिहितो. असा अर्ज लिहिण्यास बसलेल्या प्रत्येक पंचकमिटीने आधी दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे कागदावर मांडावीत: आपल्या पाळकाला कोणते काम चांगले येते, आणि जे त्याला येत नाही ते आपल्यापैकी कोण करील? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात काही नावे लिहिली गेली, तर पुष्कळ वेळा तो अर्ज पाठविण्याचे कारणच उरणार नाही.